रेल्वेचे जाळे, शून्य-एकची चौकट आणि रामानुजन

तंजावर - जाळ्याचे चित्र माणसाला एका दृष्टिक्षेपात समजते. संगणकाला मात्र आकडे लागतात. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या रचनेला गणितात ‘आलेख’ म्हणतात. ही रचना आकड्यांत मांडण्याचे साधन म्हणजे आव्यूह, अर्थात मॅट्रिक्स.

तामिळनाडूतील तिरुचिरापल्ली, तंजावर, कुंभकोणम, मयिलादुतुरै आणि तिरुवारूर या पाच रेल्वे स्थानकांचे उदाहरण घेता येईल. तंजावरहून तिरुचिरापल्ली, कुंभकोणम व तिरुवारूरकडे लोहमार्ग जातात. कुंभकोणम आणि तिरुवारूर ही दोन्ही स्थानके पुढे मयिलादुतुरैला जोडलेली आहेत. पाच ओळी व पाच स्तंभांची चौकट आखून, ज्या दोन स्थानकांमध्ये थेट मार्ग आहे तेथे १ आणि अन्यत्र ० लिहिल्यास ‘संलग्नता आव्यूह’ तयार होतो. वरील क्रमाने तंजावरच्या ओळीत १, ०, १, ०, १ हे आकडे येतात. त्यांची बेरीज ३, म्हणजेच तेथून निघणाऱ्या मार्गांची संख्या.

मयिलादुतुरैच्या स्तंभात ०, ०, १, ०, १ असे आकडे आहेत. आव्यूहाला त्यानेच गुणताना ही ओळ व हा स्तंभ यांतील समान स्थानांवरील आकड्यांचे गुणाकार करून बेरीज घेतली जाते. ती २ येते. तंजावरहून मयिलादुतुरैला दोन टप्प्यांत पोहोचण्याचे मार्ग दोनच आहेत: एक कुंभकोणमवरून, दुसरा तिरुवारूरवरून. पुरामुळे एक बंद पडला तरी दुसरा उरतो. तिरुचिरापल्लीच्या ओळीत मात्र एकच १ आहे. तो पुसला गेल्यास या जाळ्यापासून ते शहर तुटते. वीज वा दूरध्वनीच्या हजारो बिंदूंच्या जाळ्यातील असे दुर्बळ दुवे नजरेने सापडत नाहीत, आकडेमोडीने सापडतात.

या शास्त्राचा तंजावर जिल्ह्याशी आणखी एक संबंध आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच जिल्ह्यातील कुंभकोणम येथे गेले. प्रत्येक बिंदूपासून सारख्याच संख्येने रेषा निघणाऱ्या आलेखात, आव्यूहाच्या लाक्षणिक मूल्यांपैकी सर्वांत मोठे वगळता उर्वरित मूल्ये जितकी लहान, तितके जाळे ढोबळमानाने अधिक घट्ट असते. अलेक्झांडर लुबोत्स्की, राल्फ फिलिप्स आणि पीटर सार्नाक यांनी १९८८ मध्ये या कसोटीवर जवळपास सर्वोत्तम ठरणारे आलेख रचून दाखविले. त्या सिद्धतेचा आधार रामानुजन यांच्या १९१६ मधील अनुमानाशी निगडित असल्याने ते ‘रामानुजन आलेख’ म्हणून ओळखले जातात. थोड्या रेषांत भक्कम जोडणी, हे त्यांचे वैशिष्ट्य.