हुक की हार्मोनिक?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आज हे ऑपरेशन तालुक्याच्या गावीही होतं. वाद उरलाय तो आतल्या अवजाराचा.

जुनं अवजार म्हणजे मोनोपोलर हुक. इंग्रजी एलसारखं वाकडं टोक. पित्ताशय यकृताला जिथे चिकटलेलं असतं तिथला पातळ पापुद्रा हुकात घ्यायचा, जरासा वर उचलायचा आणि पायाखालचं निळं पेडल दाबायचं. चर्र आवाज, थोडा धूर, पापुद्रा सुटला. वीज रुग्णाच्या अंगातून मांडीवरच्या प्लेटकडे परतते. बोस्टनमध्ये १९२६ साली शास्त्रज्ञ बोवी आणि सर्जन कुशिंग यांनी गाजवलेल्या कॉटरीचंच हे तत्त्व. हुक स्वस्त, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येणारा. पण त्याच्या दांड्यावरचं आवरण कुठे चिरलेलं असलं, तर ठिणगी कॅमेऱ्याबाहेरच्या आतड्याला लागते. कुणाला पत्ताही लागत नाही. चार दिवसांनी पोट फुगतं तेव्हा कळतं.

नवं अवजार म्हणजे हार्मोनिक. त्यात रुग्णाच्या अंगातून वीज जातच नाही. पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरतं आणि त्या घर्षणाच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद होऊन कापली जाते. धूर कमी, अवजारांची अदलाबदल कमी, पेसमेकर असलेल्याला मोठाच दिलासा. मात्र थांबल्यावरही पातं काही क्षण तापलेलंच राहतं. घाईत ते ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला टेकलं की भाजलंच! शिवाय हँडपीस महाग. लिगाशुअरसारखी बायपोलर साधनं ७ मिलिमीटरपर्यंतची रक्तवाहिनी सील करतात, पण साध्या पित्ताशयात एवढी मोठी वाहिनी सहसा भेटतच नाही.

काही सर्जन पित्ताशयाची नळीही क्लिपशिवाय हार्मोनिकनेच बंद करतात. बारीक नळीत ते जमतं. नळी रुंद किंवा सुजलेली असेल तर माझं मत क्लिपच्या, नाहीतर टाक्याच्या बाजूने.

खरी भीती वेगळीच आहे: मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली जाणं. त्यावर १९९५ साली सर्जन स्ट्रासबर्ग यांनी सांगितलेला उपाय म्हणजे आधी पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांमधला त्रिकोण साफ करायचा, पित्ताशयात दोनच नळ्या शिरताना स्वच्छ दिसल्या पाहिजेत, मगच कात्री. हे कुठलंही यंत्र करून देत नाही.

साध्या खड्यांच्या ऑपरेशनला हुक पुरतो. सूज फार, यकृत कडक किंवा पेसमेकर असेल तर हार्मोनिकचे पैसे सार्थकी लागतात. तेव्हा बिलात त्याची वेगळी ओळ दिसली, तर आपल्या बाबतीत ते का लागणार हे डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधीच विचारा.