स्वयंसेवा आणि वेतन

स्वयंसेवकांच्या कार्यात काहींनाच वेतन दिले तर उरलेल्यांच्या उत्साहाचे काय होते, हा प्रश्न जुना आहे. संगणकाच्या क्षेत्रात तो एकदा फार उघडपणे उभा राहिला, म्हणून तेच उदाहरण आम्ही घेतो.

संगणक चालविण्यास जी मूलभूत प्रणाली लागते, तिचा 'डेबियन' नावाचा एक संच १९९३ पासून सिद्ध होत आला आहे. तो कोणासही फुकट मिळतो. देशोदेशीची मंडळी नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागवून तो घडवितात. व्यवहारी मनुष्य यास लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणेल; म्हणो बापडा!

२००५ साली निघालेल्या आवृत्तीस जवळजवळ तीन वर्षे लागली होती. पुढची तरी २००६ च्या डिसेंबरात वेळेवर निघावी, म्हणून खुद्द संस्थेच्या प्रमुखासह काही जणांनी संस्थेबाहेर निधी उभारला, आणि प्रकाशनाची जबाबदारी वाहणाऱ्या दोघांस एकेक महिना पूर्ण वेळ कामाचे वेतन देऊ केले. हेतू शुद्ध होता. तरीही गहजब झाला. काही जुन्या कार्यकर्त्यांनी हात आखडता घेतला. प्रमुखास पदावरून दूर करण्याचा ठरावही मतास टाकला गेला. तो फेटाळला गेला, ही गोष्ट निराळी. आवृत्ती निघाली ती ८ एप्रिल २००७ रोजी.

यास निव्वळ मत्सर म्हणणे आम्हांस पटत नाही. कोणासच पैसा मिळत नव्हता तोवर कोणाच्या श्रमाचे मोल किती, हा हिशेबच नव्हता. दोघांच्या कामास किंमत लागताच, एखादा लहानसा भाग वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळणाऱ्याच्या कामापुढे, कोणी न लिहिताच, शून्य मांडले गेले. शिवाय ते कोणी मांडले? आपल्यातीलच काहींनी.

रक्कम वाढविली म्हणजे भागते, असेही नाही. इस्रायलमधील एका प्रयोगात शाळकरी मुलांना घरोघर वर्गणी गोळा करण्यास पाठविले होते. त्याचा वृत्तान्त २००० साली प्रसिद्ध झाला. जमलेल्या रकमेच्या १ टक्का मोबदला ज्यांस कबूल केला, त्यांनी मोबदला नसलेल्या मुलांपेक्षा कमी वर्गणी आणली. १० टक्केवाल्यांनी १ टक्केवाल्यांस मागे टाकले, पण फुकट फिरणाऱ्यांस तेही गाठू शकले नाहीत.

मग पगार आणि स्वयंसेवा एकत्र नांदतच नाहीत काय? नांदतात. 'लिनक्स'च्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज कोठल्या ना कोठल्या कंपनीचे पगारी नोकर आहेत. परंतु तो पगार बाहेरचा. काम स्वीकारताना पगारी आणि बिनपगारी दोघांसही कसोटी एकच लागते. खुद्द डेबियनमध्येही २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षेची डागडुजी पैसे देऊन करवून घेतली जाते. हे काम कंटाळवाणे, हौसेने कोणी फारसे अंगावर न घेणारे. पैसा देतात ते त्याची गरज असलेले ग्राहक, आणि कोणी किती तास कशावर घालविले याचा हिशेब महिन्याच्या महिन्यास सर्वांपुढे मांडला जातो.