मद्य सोडलेल्याचा पेला
मद्य सोडलेला रुग्ण वैद्यास विचारतो, ‘आता संध्याकाळी बसावे कुठे आणि प्यावे काय?’ मुंबईत उत्तर सोपे आहे. दादर-गिरगावच्या उपाहारगृहांत पीयूष, कोकम सरबत, सोलकढी मिळते. नीरा मात्र ताजीच घ्यावी. ऊन चढताच ती आंबते. ‘अल्कोहोलमुक्त’ बिअरमध्येही ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो.

परंतु आपल्या कपाटाकडेही पाहावे. आसवारिष्टांत संधानजन्य मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. मद्य सुटावे म्हणून डायसल्फिराम घेणाऱ्यास अश्वगंधारिष्ट दिल्यास वांती, धडधड, रक्तदाब घसरणे असे उपद्रव संभवतात. अशांना चूर्ण वा ताजा क्वाथ योजावा. औषधविक्रेत्यांनीही बाटली देण्यापूर्वी ‘मद्य सोडले आहे काय?’ असे अवश्य विचारावे.