जुनी नाणी मोबाईलवरून घेताना

दोन हजार वर्षांचे नाणे म्हणजे लाखांचा माल, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. चिमूरच्या पेठेत आमच्या कापडाच्या दुकानावर येऊन बसणाऱ्या मंडळींतही तो पक्का आहे, आणि ठगांचा निम्मा धंदा याच समजावर चालतो. वस्तुतः नाण्याची किंमत वयावरून ठरत नाही. तसली नाणी किती शिल्लक आहेत, किती लोकांना हवी आहेत आणि हातातले नाणे कोणत्या स्थितीत आहे, यावरून ती ठरते. सातवाहनांचे मिश्रधातूचे नाणे काही शे रुपयांत मिळू शकते, आणि इंग्रजी अमदानीतला एखादा दुर्मिळ रुपया त्याच्या कितीतरी पट जातो. हे एकदा ध्यानात आले की साधा दुकानदार किंवा कारागीरही हा छंद करू शकतो. मात्र डोळे उघडे ठेवून.

सातवाहनांचे नाव आम्ही मुद्दाम घेतले, कारण ती आपल्या घरची नाणी आहेत. चांदा जिल्ह्यात सापडलेली सातवाहन नाणी रॅप्सन या इंग्रज विद्वानाने १९०८ साली ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत नोंदविली. पुढे १९३९ साली आजच्या वाशिम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. ही नाणी तांबे, शिसे व कथील अशा मिश्रणाची असतात. इंग्रजीत त्याला पोटिन म्हणतात, आणि विक्रेतेही याच नावाने यादीत लावतात. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती व कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. नवशिक्याने पहिले नाणे हेच घ्यावे, असे आमचे मत आहे. फार तर थोडे झिजलेले मिळेल, पण ते आपल्या मातीचे असेल.

त्यानंतर पश्चिमी क्षत्रपांची चांदीची लहान नाणी पाहावीत. वजन साधारण दोन ग्रॅम, आकार शर्टाच्या गुंडीएवढा. त्यावर राजाचे मस्तक, आणि लेखात राजाबरोबर त्याच्या बापाचेही नाव. बऱ्याच नाण्यांवर मस्तकामागे शक संवताचा आकडा असतो. त्यात ७८ मिळविले की इसवी सन निघतो. याच घराण्याच्या नहपान राजाची तेरा हजारांहून अधिक नाणी १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकला होता. शत्रूचे चलन वितळविण्यापेक्षा त्यावर आपला शिक्का मारणे स्वस्त पडते. राजे लोकही हिशेब पाहत असत!

आमच्यासारखे जे उर्दू माध्यमात शिकले त्यांना आणखी एक सवलत आहे. बहामनी तांब्याची नाणी आणि मोगलांचे रुपये ही प्राचीन नव्हेत, मध्ययुगीन आहेत. पण त्यांवरचा मजकूर आपल्याच लिपीतला आहे. ‘जरब’ या शब्दाशेजारी टांकसाळीचे गाव सापडते : सूरत, बुऱ्हानपूर, आपल्या वऱ्हाडातले एलिचपूर. ‘जुलूस’ शब्दाजवळ बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळविले की इसवी सन जवळपास येतो. १११८ हिजरी म्हणजे १७०६-०७, औरंगजेबाचे अखेरचे वर्ष. त्याच्या नाण्यांवर कलमा नाही, कारण तो भल्याबुऱ्या सर्व हातांत जाऊ नये म्हणून त्याने काढून टाकला होता. तेव्हा ‘औरंगजेबाचा कलमा असलेला रुपया’ कोणी दाखविला तर तेथेच सावध व्हावे. पुष्कळ विक्रेते अशा नाण्याचे चित्र उलटे लावतात व नुसते ‘मुघल कॉइन’ लिहून मोकळे होतात. ज्याला मजकूर वाचता येतो त्याला तेथे चांगला सौदा मिळतो.

आता खरेदी. कापड हाताने चोळून पाहिल्याशिवाय आपण गाठोडे उचलत नाही. मोबाईलवर ती सोय नाही. अशा वेळी व्यापारी काय करतो? पन्हा विचारतो, सुताचा नंबर विचारतो, वजन विचारतो, आणि माल खराब निघाला तर परत घेणार का हे आधी बोलून घेतो. येथेही तेच करावे. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो, ग्रॅममध्ये वजन, मिलिमीटरमध्ये व्यास, धातू, राजाचे नाव आणि परतीची मुदत, एवढे ज्याच्या यादीत नाही त्याच्याकडे वळू नये. ‘जुने राजाचे नाणे, फार दुर्मिळ’ ही माहिती नव्हे, ती आरोळी झाली. लिलावात बोली लावताना विक्रेत्याचे कमिशन, कर आणि टपालखर्च मिळून नाणे घरात किती रुपयांना पडेल, तो आकडा आधी कागदावर काढावा. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करावे. पक्के बिल मागावे. पुढे कधी विकायचे झाले तर बिल असलेल्या नाण्याला भाव येतो.

आलेले नाणे प्रथम सोनाराच्या काट्यावर ठेवावे. आहत म्हणजे ठसे मारलेले चांदीचे कार्षापण सुमारे ३.४ ग्रॅमचे असते, मोगल रुपया सुमारे ११.४ ग्रॅमचा. झिजेने वजन थोडे कमी भरते. मात्र बरेच जास्त भरले तर संशय घ्यावा. कार्षापण आणि क्षत्रपांची नाणी ठोकून बनविलेली आहेत. त्यांच्या काठावर साच्याची बारीक शिवण दिसली, पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे दिसले किंवा अक्षरे साबण विरघळल्यासारखी गुळगुळीत वाटली तर माल ओतीव समजावा. आणखी एक खूण आमच्या धंद्यातली. हाताच्या छापकामात दोन नग तंतोतंत सारखे उतरत नाहीत. एकाच विक्रेत्याकडे दोन नाण्यांना एकच चीर, एकच टवका आणि एकच कडा असेल तर दोन्ही एका साच्यातून निघाली. ताडून पाहण्यासाठी ‘झेनो’ नावाचा पौर्वात्य नाण्यांचा चित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतो. नागपूरला जाणे झाले तर १८६३ साली स्थापन झालेल्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, नाण्यांचे दालन उघडे आहे का याची चौकशी करून जावे. अस्सल माल शंभरदा पाहिला की नकली आपोआप टोचू लागतो.

काही माल तर नकलीही नसतो, निव्वळ काल्पनिक असतो. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे रामदरबाराचे किंवा हनुमानाचे नाणे कंपनीने कधी काढलेच नाही. तांदूळ ओढणारे तांबे हीदेखील शुद्ध लबाडी होय. आपल्या मंडळींसाठी खास जाळे म्हणजे ७८६ आकड्याची नोट : ती द्या आणि लाखो रुपये घ्या! गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी नोंदणी फी भरा, मग कर भरा, मग रिझर्व्ह बँकेचे कमिशन भरा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही, कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. पैसे मिळविण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हेही दुकानातल्या पोरांना बजावून ठेवावे.

कायद्याची बाजू आमच्या भागात जास्त महत्त्वाची आहे. आमच्याकडे नांगराला, विटांच्या मातीला, विहिरीच्या खोदाईला नाणी लागतात आणि मजूर ती गुपचूप विकायला आणतो. ती घेऊ नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. हे नुसते सरकारी लचांड नव्हे. तऱ्हाळ्याचा साठा अभ्यासकांपर्यंत पोचला, म्हणून कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावे इतिहासाला मिळाली. तोच साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर काही किलो धातू तेवढा हाती लागला असता. त्याचप्रमाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत. परदेशचे गिऱ्हाईक कितीही भाव देवो, पाकीट टपालात टाकले की गुन्हा झाला. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून विक्रेत्यालाही परवान्याबद्दल आणि नाणे कोठून आले याबद्दल विचारावे. जुना संग्रह, जुना लिलाव असे उत्तर आले तर त्याचा कागद मागावा. ‘नुकतेच शेतातून निघाले’ असे कोणी कौतुकाने सांगू लागला तर फोन ठेवावा.

घरी आलेले नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. तांबट भावांना चकाकीची सवय असते, पण नाण्यावरचा काळपट-हिरवा थर हीच त्याची अब्रू आहे. तो गेला की किंमत निम्म्यावर येते. भुकटीसारखा फिका हिरवा डाग मात्र रोग समजावा आणि ते नाणे इतरांपासून वेगळे ठेवावे. पीव्हीसीच्या स्वस्त अल्बममध्ये तांबे चिकट हिरवे पडते. त्यापेक्षा कागदी पाकिटे बरी. प्रत्येकावर राजा, वजन, किंमत, तारीख आणि विक्रेता लिहावा. सोन्या-चांदीच्या नाण्यांवरील जकातीबद्दल आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे. त्यासाठीही ही वजने लिहिलेली असली की काम सोपे जाते.