तोंडातला काळा डाग : घबराट नको, दुर्लक्षही नको

सकाळी चूळ भरताना हिरडीवर किंवा ओठाच्या आतल्या बाजूस काळसर डाग दिसला, की काही जण कर्करोगाच्या धास्तीने हादरतात. तर बरेच जण 'दुखत तर नाही ना' म्हणून तो विसरून जातात. दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात.

तोंडात काळेपणा येण्याची कारणे अनेक आहेत. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे मुळातच काळसर असतात. हा रंग बहुधा दोन्ही बाजूंस सारखा असतो व फारसा बदलत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पुढच्या हिरड्या काळवंडतात. किडलेल्या दाढेत चांदी भरताना तिचे कण हिरडीत रुतले, तर तेथे निळसर-करडा डाग कायमचा राहतो. क्लोरोक्विनसारखे औषध दीर्घकाळ घेतल्यानेही टाळूवर निळसर छटा येऊ शकते. मात्र तोंडात व त्वचेवर नव्याने काळेपणा येऊन सोबत थकवा असेल, वजन घटत असेल, तर अॅड्रिनल ग्रंथींचा अॅडिसन हा आजार आहे का, ते तपासावे लागते.

या सर्वांत दुर्मिळ, पण सर्वांत घातक म्हणजे मेलॅनोमा हा कर्करोग. तोंडात तो प्रामुख्याने टाळूवर व वरच्या हिरडीवर होतो. सुरुवातीस तो दुखत नाही, म्हणूनच रुग्ण डॉक्टरांकडे उशिरा पोहोचतो.

नुसत्या डोळ्यांनी हे डाग ओळखणे कठीण असते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांचे डर्मोस्कोप हे उपकरण मदतीस येते. हे हातात मावणारे, दिवा जोडलेले भिंग असून त्यातून डाग सुमारे १० पट मोठा दिसतो. पृष्ठभागावरची चकाकी कमी होत असल्याने आतल्या थरातील रंगाची ठेवणही दिसते. तोंड तपासताना भिंगावर पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण घालतात. तपासणीत दुखत नाही, सुई नाही, भूल नाही.

रंगाची ठेवण समांतर रेषांची वा वर्तुळांची असेल, तर डाग बहुधा निरुपद्रवी असतो. निळा, करडा किंवा पांढरा रंग आणि त्यात कसलीच निश्चित रचना नसलेला भाग असे दोन्ही एकत्र दिसले, तर मेलॅनोमाचा संशय घ्यावा, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले.

तरीही या उपकरणाच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. तोंडाच्या मागच्या भागापर्यंत ते नीट पोहोचत नाही, आणि अंतिम निदान त्यावरून होत नाही. संशय असल्यास तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हाच खात्रीचा मार्ग. 'सुई लागली की कर्करोग पसरतो' या भीतीने ती लांबवू नये.

डाग नवा व एकटाच असेल, वाढत असेल, रंग बदलत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा तेथे गाठ जाणवत असेल, तर लगेच दंतवैद्य वा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डाग जाळण्याचे, खरवडण्याचे घरगुती प्रयोग मुळीच करू नयेत.

आणखी एक. तंबाखू व मशेरीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग बहुधा पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याने सुरू होतो. त्यामुळे केवळ काळा डाग नाही म्हणून निश्चिंत राहू नये. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, आरशासमोर स्वतःचे तोंड नीट पाहावे.