सफरीचा स्टोव्ह घेताना आधी इंधन पाहा

आपल्यातील पुष्कळ व्यापारी बांधवांचे निम्मे आयुष्य गाडीवर जाते. आठवडी बाजारांना टेम्पो नेणारे कापडवाले, हंगामात बागेवर मुक्काम करणारे आंब्याचे व्यापारी, आठ-आठ दिवस घराबाहेर राहणारे ट्रकचालक यांना रस्त्याच्या कडेला चूल मांडणे नवे नाही. अलीकडे त्यात जीप घेऊन घाटवाटांनी, माळरानांतून आणि थेट लडाखपर्यंत जाणाऱ्या तरुणांची भर पडली आहे. त्यामुळे सफरीच्या छोट्या स्टोव्हला बाजारात मागणी आहे. दुकानदार चकचकीत नमुना पुढे करतो, गिऱ्हाईक किंमत विचारतो आणि सौदा होतो. खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आपण जाणार कुठे, आणि तिथे या स्टोव्हचे इंधन मिळेल का, चालेल का?

ही चूक आम्हीही केली आहे. काही वर्षांपूर्वी मनालीहून लेहला जाताना आम्ही सर्चू येथे मुक्काम केला. ही जागा समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच आहे. पहाटे आम्ही नवा गॅसडब्याचा स्टोव्ह पेटवला तर ज्योत मेणबत्तीएवढी. डबा हलवून पाहिला, आत गॅस भरपूर होता. पण तो बाहेर यायलाच तयार नव्हता. शेवटी शेजारच्या एका ट्रकचालकाने आपल्या जुन्या पंपाच्या स्टोव्हवर आम्हाला चहा करून दिला. दोष स्टोव्हचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. म्हणून एकेक प्रकार नीट पाहू या.

छोटा गॅसडबा

फवाऱ्याच्या डब्यासारखा लांबट, २२० ते २३० ग्रॅम गॅसचा हा डबा चपट्या स्टोव्हच्या कुशीत आडवा बसतो. वापरायला सोपा, स्वच्छ आणि हलका. कोकणात, देशावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी एक-दोन दिवसांच्या सफरीला हा उत्तम.

परंतु यात बहुधा ब्युटेन असतो आणि ब्युटेन सुमारे उणे अर्धा अंश सेल्सियसला उकळतो. थंडी त्याच्या आसपास पोहोचली की डब्यातील द्रवाचा वायू होत नाही आणि ज्योत मरते. सर्चूला आमचे हेच झाले. अशा वेळी डबा ज्योतीवर किंवा निखाऱ्याजवळ शेकण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये, डबा फुटतो. दुसरी चूक म्हणजे या स्टोव्हवर मोठी डेगची किंवा रुंद तवा ठेवणे. भांडे डब्याच्या वर आले की उष्णता खाली परतते आणि डबा तापतो. दोन स्टोव्ह जवळ लावून त्यांवर एकच मोठे भांडे ठेवणे तर त्याहून घातक.

पाच किलोचा सिलिंडर

चार-पाच माणसे आणि स्वतःची गाडी असेल तर आमच्या मते हाच सर्वांत किफायतशीर प्रकार आहे. सरकारी तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलने २०२० साली आपल्या सिलिंडरला ‘छोटू’ हे नाव दिले. यातील गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, त्यामुळे थंडीत हा सिलिंडर छोट्या डब्यापेक्षा बराच बरा चालतो. सिलिंडर संपत आला की मात्र प्रोपेन कमी होऊन ज्योत मंदावते, हे ध्यानात ठेवावे.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सील. दुसरी, त्यावर कोरलेले रिकाम्या सिलिंडरचे वजन. त्यात पाच किलो मिळवून काट्यावर ताडून पाहावे. तिसरी, मुठीखालच्या पट्टीवर लिहिलेली चाचणीची मुदत. तिथे ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ‘सी २८’ असेल तर २०२८च्या सप्टेंबरअखेर मुदत. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. नळी आयएसआय मार्कची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून नव्हे.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह

ज्याला आपण प्रायमस म्हणत आलो तो हा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी तयार केला. टाकीत हवेचा दाब देऊन रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढवायचे आणि त्याची वाफ निपलमधून बाहेर पडून जळायची, अशी त्याची युक्ती. त्यामुळे काजळी धरत नाही आणि आच जोरदार लागते. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेत हेच स्टोव्ह गेले होते. थंडी आणि उंची यांना तो दाद देत नाही, कारण दाब आपण हाताने देतो. बिघडला तर पिन, वॉशर आणि निपल एवढ्यावर काम भागते.

अडचण आहे ती रॉकेलची. रेशनच्या रॉकेलवरील अनुदान २०२० साली संपले आणि आपल्याकडील अनेक दुकानांतून रॉकेल दिसेनासे झाले. म्हणून जिथे रॉकेल खात्रीने मिळते तिथेच हा स्टोव्ह न्यावा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: रॉकेल मिळाले नाही म्हणून या टाकीत पेट्रोल भरू नये. तो स्टोव्ह राहत नाही, बॉम्ब होतो.

पेट्रोल आणि स्पिरिट

पेट्रोलसाठी खास बनवलेले परदेशी स्टोव्ह मिळतात. ते चांगले असतात, पण महाग आहेत, सुटे भाग सहज मिळत नाहीत आणि अनेक पंपांवर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. स्पिरिटचा छोटा स्टोव्ह बिघडण्यासारखा नसतो. मात्र स्पिरिटची उष्णता वजनावारी रॉकेलच्या सुमारे साठ टक्केच. एकट्याच्या चहाला ठीक, कुटुंबाच्या जेवणाला नाही.

हिशेब इंधनाचा

व्यापाऱ्याने हिशेबाशिवाय माल भरू नये, तसेच हे आहे. घरी १४.२ किलोचा सिलिंडर महिनाभर पुरत असेल तर रोज सुमारे पावणेपाचशे ग्रॅम गॅस जळतो. सफरीत खिचडी, अंडी, चहा एवढेच केले आणि खर्च निम्मा धरला, तरी २३० ग्रॅमचा डबा एकच दिवस पुरेल आणि पाच किलोचा सिलिंडर सुमारे वीस दिवस. वाऱ्यावर उघडा स्टोव्ह लावला तर हा हिशेब कोसळतो. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करावा, पण गॅसडबा त्यात कोंडू नये.

उंचीवर आणखी एक खर्च वाढतो. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. पाणी खळखळते, पण डाळ शिजत नाही. म्हणून लडाखला जाणाऱ्याने स्टोव्हबरोबर लहान प्रेशर कुकर घेतलाच पाहिजे. कुकर नेला नाही तर दुप्पट इंधन जाळूनही भात कच्चा राहतो.

आगीशी खेळ नको

१५ एप्रिल १९९७ रोजी मिना येथे हाजींच्या तंबूंना लागलेली आग आपल्या अनेक घरांत अजून विसरलेली नाही. स्वयंपाकाच्या गॅसपासून भडकलेल्या त्या आगीत ३४३ जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे ७० हजार तंबू जळाले. त्यानंतर तिथे आग न धरणारे तंबू आले. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या रेल्वेच्या पर्यटक डब्यात प्रवाशांनी बेकायदा आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागून ९ जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी माणसे सफरीतच होती आणि चूल साधी होती.

म्हणून स्टोव्ह तंबूत किंवा बंद गाडीत कधीही पेटवू नये. आग लागली नाही तरी कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू झोपेत जीव घेतो. सिलिंडर गाडीत उभा बांधावा आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. रेल्वेत सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल नेणे हा १९८९च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. जे रेल्वेने जाऊन पुढे जीप भाड्याने घेतात, त्यांनी इंधन तिथेच विकत घ्यावे. राखीव जंगलात आग पेटवण्यासही कायद्याने मनाई आहे, हे विसरू नये.

दुकानदार आणि कारागीर बांधवांसाठी

दोन शब्द आपल्या धंद्यातील बांधवांनाही. घरगुती सिलिंडरमधून बिनमार्कच्या छोट्या टाक्या भरून देण्याचा जोडधंदा ठिकठिकाणी चालतो. रोजचे चार पैसे मिळतात खरे, पण तो गुन्हा आहे आणि एका ठिणगीत दुकान, शेजार आणि आयुष्याची कमाई जाते. त्याऐवजी आयएसआय मार्कचा माल, पिन, निपल, वॉशर आणि नळ्या ठेवाव्यात. टाकीला डाग देणारा, बर्नर साफ करून देणारा कारागीर आता दुर्मिळ झाला आहे. ज्याच्या हातात हे काम आहे त्याने ते सोडू नये.

आणि गिऱ्हाईक आले की किंमत सांगण्याआधी विचारावे, “कुठे निघालात?” कोकणात जाणाऱ्याला छोटा डबा द्यावा, कुटुंब घेऊन लांब जाणाऱ्याला पाच किलोच्या सिलिंडरचा सल्ला द्यावा, बर्फाच्या मुलखात निघालेल्याला डब्याचा भरवसा देऊ नये. एक विक्री कमी झाली तरी चालेल. ज्याचा चहा पहाटेच्या थंडीत वेळेवर उकळला, तो गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो.