साठवलेली माहिती किती दिवस चालते?

पिंपळे गुरवमध्ये बसून एखाद्या विद्यार्थिनीने पायथनच्या चार ओळी लिहिल्या आणि कृत्तिका तारकापुंजातल्या ताऱ्यांची माहिती मागवली, तर तिचा प्रश्न सहसा थेट फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जातो. तिथल्या खगोलीय माहिती केंद्राची ‘व्हिझिएर’ ही सेवा 1996 पासून जगभरातल्या अभ्यासकांना हजारो तारकासूची मोफत पुरवते आहे. प्रश्न पाठवण्याचे आणि उत्तर आणण्याचे काम करते ‘अॅस्ट्रोक्वेरी’ ही मुक्त स्रोत लायब्ररी.

पुण्याहून स्ट्रासबर्ग हवाई मार्गाने सुमारे 6,700 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती, तरी जाऊन परत यायला 67 मिलिसेकंद लागतातच. एका प्रश्नाला हा वेळ जाणवत नाही. पण हजार ताऱ्यांसाठी एकामागोमाग एक हजार प्रश्न विचारले की मिनिटाहून अधिक वेळ नुसत्या प्रवासात जातो. आलेख चुकला म्हणून प्रोग्राम पुन्हा चालवला की तेवढाच वेळ पुन्हा. इंटरनेटचे कितीही महाग कनेक्शन घ्या, प्रकाशाच्या वेगाची ही मर्यादा ओलांडता येत नाही. मग उरतो एकच उपाय: माहितीच जवळ आणून ठेवायची.

ती जवळ आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि पहिला पुण्यातच सापडतो. पिंपळे गुरवहून सांगवी आणि औंध ओलांडले की गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही संस्था लागते. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. व्हिझिएरची संपूर्ण प्रतिकृती, म्हणजे ‘मिरर’, आयुकाने आपल्या सर्व्हरवर ठेवली. अॅस्ट्रोक्वेरीत व्हिझिएरच्या सर्व्हरची जी यादी आहे, तिच्यात स्ट्रासबर्ग, जपान, केंब्रिज आणि हार्वर्ड यांच्या बरोबरीने आयुकाचाही पत्ता नोंदलेला आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कॅश, म्हणजे एकदा आलेले उत्तर आपल्याच संगणकावर साठवून ठेवणे. कल्पना वेबपेक्षा बरीच जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 मध्ये संथ, मोठ्या स्मृतीच्या पुढे छोटी, वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली आणि 1968 मध्ये आयबीएमच्या ‘सिस्टिम/360 मॉडेल 85’ या संगणकात ती अवतरली. अॅस्ट्रोक्वेरी हेच तत्त्व वेबच्या प्रश्नांना लावते. सर्व्हरचा पत्ता, विचारणा करण्याची पद्धत आणि प्रश्नातले सगळे तपशील एकत्र करून ती त्यांवर एक गणिती प्रक्रिया करते. त्यातून 56 अक्षरांची एक खूण तयार होते. आलेले उत्तर त्या खुणेच्या नावाने लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये जपले जाते. तोच प्रश्न पुन्हा आला की खूण जुळते आणि उत्तर डिस्कवरून मिळते. स्ट्रासबर्गला जावेच लागत नाही. मात्र शोधाच्या त्रिज्येत दशांश चिन्हानंतरचा एक आकडा जरी बदलला, तरी खूण पूर्ण बदलते आणि प्रश्न पुन्हा समुद्रापार जातो.

इथपर्यंत सारे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे येतो: साठवलेले उत्तर खरे किती दिवस धरायचे? अॅस्ट्रोक्वेरीत ही मुदत मुळात एक आठवडा ठेवलेली आहे. प्रसिद्ध झालेल्या तारकासूचीसाठी ती पुरेशी आहे, कारण अशी सूची सहसा बदलत नाही. पण आकाशातली सगळी माहिती इतकी स्थिर नसते. 27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेला ‘2024 वायआर4’ हा लघुग्रह आठवा. तो 2032 मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाने 18 फेब्रुवारी 2025 रोजी 3.1 टक्के सांगितली. नवी निरीक्षणे येत गेली, कक्षा नेमकी कळत गेली आणि 24 फेब्रुवारीला तीच शक्यता 0.004 टक्क्यांवर आली. मधले दिवस फक्त सहा. 18 तारखेचे उत्तर आठवडाभराच्या मुदतीने साठवले असते, तर 24 तारखेलाही संगणकाने 3.1 टक्केच दाखवले असते, तेही कोणतीही सूचना न देता.

वेबच्या नियमांमध्ये यावर एक सुंदर तोडगा आहे. ‘अमुक वेळेनंतर यात काही बदलले आहे का?’ एवढेच सर्व्हरला विचारायचे. बदल नसेल, तर सर्व्हर 304 हा क्रमांक पाठवतो आणि मजकूर पाठवतच नाही. 1996 च्या एचटीटीपी 1.0 मध्येच ही सोय होती. यात फेरी वाचत नाही, पण मोठी फाइल पुन्हा आणावी लागत नाही आणि उत्तर ताजे असल्याची खात्री मिळते. ज्या सेवा ही सोय देत नाहीत, तिथे मुदत आपणच विचारपूर्वक ठरवावी लागते. उत्तरे विचित्र किंवा जुनी वाटू लागली, तर कॅश पुसून पाहा, असा सल्ला अॅस्ट्रोक्वेरीची माहितीपुस्तिकाही देते.

पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाने कॅश वापरावी, असे मला मनापासून वाटते. व्हिझिएरसारख्या सेवा सार्वजनिक पैशावर चालतात. तोच प्रश्न त्यांना शंभरदा विचारणे म्हणजे दुसऱ्या अभ्यासकाचा वेळ घेणे. मात्र मुदत ठरवताना लायब्ररीने दिलेला आकडा तसाच स्वीकारू नये. आपली माहिती किती वेगाने बदलते, हे लायब्ररी लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. ते अभ्यासकालाच ठाऊक असते. म्हणून प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तो मूळ सर्व्हरवरून कोणत्या तारखेला आला, हेही लिहावे. तारीख नसलेला आकडा तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर निष्कर्ष उभारता येत नाही.